पुढचं कुलूप

१

दुपारी मुलीला झोपवण्याआधी ती घरभर एक फेरी मारत असे. सुऱ्यांचा खण ओढून बघायचा, औषधांच्या कपाटाचा खटका चाचपायचा, न्हाणीघराची वरची कडी बघायची, आणि सगळ्यात शेवटी बाल्कनीचं सरकतं दार. सगळे खटके तिनेच बसवलेले. पांढऱ्या प्लॅस्टिकचे, लहान मुलांच्या वस्तूंच्या दुकानात पाकिटात मिळतात ते. अंगठा आणि बोट, दोन्ही बाजूंनी एकदमच दाबलं तर 'टक' करून सुटणार. एरवी हत्ती आला तरी हलणार नाहीत.

"हे घर आहे की तिजोरी?" नवरा कुरकुरायचा. "साध्या चहासाठी साखरेशी कुस्ती खेळावी लागते."

"खेळ की. तेवढीच पोटाला हालचाल."

तो हसायचा, तीही हसायची, पण हात खटक्यावरच असायचा. आपण जरा जास्तच करतो हे तिला कळत होतं. शिकलेली बाई होती, स्वतःच्या काळजीचं तिला हसू यायचं. पण हसू आलं म्हणून काळजी जाते असं थोडंच आहे?

शिवाय काळजीला कारण होतं. मुलगी अडीच वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. कान ठणठणीत. हाक मारली की वळायची, 'बूट आण' म्हटलं की दोन्ही आणायची, तेही जोडीचे. पण तोंडातून शब्द नाही. ओठ घट्ट मिटलेले, सगळ्यांची गुपितं पोटात घेऊन बसलेल्या म्हातारीसारखे. रडायचीसुद्धा ओठ मिटून. नणंदेने तिचं नाव ठेवलं होतं 'गप्पू', आणि ते असं काही चिकटलं की एकदा डॉक्टरांसमोर आईच्याच तोंडून निघून गेलं. त्या दिवशी नणंदेवरचा राग तिने स्वतःवर काढला आणि स्वतःवरचा नवऱ्यावर. बिचारा गाडी चालवत होता.

२

मुलांना बोलायला शिकवणाऱ्या एक बाई होत्या. त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, "तान्ही असताना काही आवाज काढायची का? हुंकार, बा-बा, मा-मा? एखादा व्हिडिओ असला तर पुढच्या वेळी घेऊन या. आवाज आधी होता आणि मग गेला, की मुळात नव्हताच, हे कळलं पाहिजे. पुढचं सगळं त्यावर आहे."

होता! आवाज होता. तान्हेपणी ही पोर खिडकीतल्या कबुतरांशी तावातावाने भांडायची. कबुतरं हरून उडून जायची. ते सगळं भांडण आईच्या जुन्या फोनमध्ये होतं, आणि जुना फोन उघडत नव्हता.

त्यालाही कारण नणंदच. येता-जाता तो फोन उचलायची आणि बाळाचे फोटो साऱ्या गोतावळ्याला धाडायची. विचारणं नाही, सांगणं नाही. एकदा दूध पाजतानाचा फोटो तसाच गेला. कुणा लांबच्या काकांनी त्यावर लाइकचा अंगठा ठोकला. तिने फोन हिसकावून घेतला, स्क्रीनवरच्या ठिपक्यांमधून रागारागाने नवी नक्षी ओढली आणि म्हणाली, "आता उघडून दाखवा." पुढे नवा फोन आला, जागरणं आली, जुना फोन खणात पडला. आता कुणालाच तो उघडून दाखवता येत नव्हता, तिलासुद्धा. राग शब्दन्‌शब्द आठवत होता, नक्षी मात्र साफ पुसली गेली होती.

कोपऱ्यावरच्या दुकानातल्या मोबाईलवालीने फोन उलटासुलटा करून परत दिला. "उघडून देते ताई. पण आतलं सगळं पुसलं जाईल."

"पुसूनच उघडायचा तर उघडायचा कशाला?"

"अहो, लोकांना फोन हवा असतो. आतलं हवं असणाऱ्या तुम्हीच पहिल्या." तिने च्युइंगम या गालातून त्या गालात नेलं. "आणि नेटवर ती कुलूप तोडायची फुकट साधनं असतात ना, त्यांच्या नादी लागू नका हं."

मला कोण सांगतंय! तिला हसूच आलं. पैसे पाठवण्याच्या एका ॲपसाठी सावधगिरीच्या सूचना लिहिणं हेच तर तिचं काम. मुलगी झोपली की ती लॅपटॉप उघडून बसायची आणि अनोळखी लोकांना शहाणपण शिकवायची. 'आखूड केलेली लिंक म्हणजे बंद पाकीट. आत काय आहे ते बघितल्याशिवाय उघडू नका.' हे वाक्य तिचं होतं, आणि तिला त्याचा अभिमानही होता.

३

बाईंकडे पुन्हा जायचा दिवस जवळ येत होता, तेव्हा नणंदेचा मेसेज आला. 'वहिनी, दादा म्हणाला फोन उघडत नाहीये. हे वापर. चालतं म्हणे.' खाली एक लिंक. आखूड, बोटभर, चार अक्षरं, दोन आकडे.

'कुणाचं आहे हे?' तिने विचारलं.

'अगं, ग्रुपवर आलंय. सगळे वापरतात. किती ते प्रश्न!'

आखूड लिंक उलगडून तिचा पूर्ण पत्ता कसा बघायचा हे तिला माहीत होतं. जगाला तिनेच शिकवलं होतं. मिनिटभराचं काम. पण मुलगी नुकतीच झोपली होती, सकाळी सासूबाईंचा फोन येऊन गेला होता ("आमच्याकडे कुणीच इतकं उशिरा बोललं नाही हो, तुमच्या माहेरी असेल"), आणि डोक्यात त्याचीच भट्टी पेटलेली. रागातली बाई पत्ता बघत नाही. तिने लिंक लॅपटॉपवर उघडली.

पान पांढरं होतं. नुसतं पांढरं. फसवी पानं कशी असतात ते तिला पाठ होतं. ती घाई करतात, भीती घालतात, बक्षिसं दाखवतात, नंबर मागतात. या पानाला कसलीच घाई नव्हती. त्यावर लिहिलं होतं, 'फोन जोडा.' तिने वायर लावली. मग एक प्रश्न आला.

'आत काय आहे?'

खाली उत्तराला रिकामी जागा. हे कुलूप तोडणाऱ्याने कशाला विचारावं, असं क्षणभर मनात आलं. पण इतक्या दिवसांत कुणीतरी हे विचारलं होतं. तिने आधी 'फोटो' लिहिलं. ते खोडलं. मग लिहिलं, 'माझ्या मुलीचा आवाज.'

'शोधत आहे,' पान म्हणालं, आणि एक छोटंसं वर्तुळ फिरू लागलं.

ते फिरतच राहिलं. फोनवर तेच ठिपके, तेच कुलूप. चहा झाला, कपडे घड्या करून झाले. शेवटी तिने वायर ओढून काढली, "मर मेल्या," म्हणत लॅपटॉप मिटला.

स्वयंपाकघरातून आवाज आला. टक.

सुऱ्यांचा खण बोटभर पुढे आला होता.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी औषधांचं कपाट. त्यानंतर न्हाणीघराची कडी, जिच्यापर्यंत ती स्वतः टाचा उंचावल्याशिवाय पोचत नसे. एका दुपारी एकच. काही पडलेलं नाही, हललेलं नाही, चोरीला गेलेलं नाही. नुसतं 'टक', आणि दार बोटभर उघडं. जाऊन बघावं तर मुलगी उठून तिथे उभी. हात पाठीमागे, ओठ मिटलेले. खणात तिला रस नसायचा. ती खणाच्या आजूबाजूला, साधारण मोठ्या माणसाच्या कमरेच्या उंचीवर, बघत असायची.

आणि दर वेळी जुना फोन, जो तिने बंद करून कपड्यांच्या कपाटात वरच्या फळीवर ठेवला होता, उजेड पाडत असायचा. त्यावर ठिपके, आणि ठिपक्यांखाली, फोनला कधीच माहीत नसलेली ओळ: 'हे नाही. पुढचं कुलूप शोधत आहे.'

तिने नवऱ्याला सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. नवरे ऐकून घेतात तसं.

"तूच विसरली असशील गं."

"मी? मी विसरीन? मी दिवसातून दहादा बघते म्हणून तूच हसतोस ना?"

"तेच म्हणतोय. दहादा बघणारा माणूस दहादा उघडतोसुद्धा. एखाद वेळी लावायचं राहतं."

याचा तिला फार राग आला. कारण हे तिच्याही मनात येऊन गेलं होतं. तिने खटक्यांचं पाकीट पुन्हा वाचलं, प्लॅस्टिक उन्हाने सैल पडतं का ते शोधलं. खणाजवळ ऊन येत नव्हतं. फोनमधली ओळ त्याला दाखवायला गेली तर फोन काळा ठिक्कर. त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तुझी झोप होत नाहीये," तो इतक्या प्रेमाने म्हणाला की ताट फेकून मारावंसं वाटलं.

मग तिने नणंदेला फोन लावला.

"ती लिंक तुला कुणी पाठवली?"

"अगं वहिनी, मला कुठलं आठवायला! दिवसाला शंभर येतात, शंभर जातात."

"तू स्वतः उघडून बघितली होतीस?"

"मी कशाला उघडू? माझा फोन उघडतो की."

"म्हणजे न बघताच माझ्या घरात पाठवलीस!"

"बाई गं! मदत केली तर वर ओरडा. तुम्हा शिकलेल्यांचं काही कळत नाही. गप्पू काय म्हणते?"

तिने फोन ठेवला. भिंतीवर आपटला नाही, कारण भिंतीपलीकडे मुलगी झोपली होती.

५

मोबाईलवालीने लिंक आपल्या कॉम्प्युटरवर उलगडायला घेतली. तिच्यामागे टेबलावर फोनांची पोटं उघडी पडली होती.

"आखूड लिंकच्या आत दुसरी आखूड लिंक आहे," ती म्हणाली. "हे करतात कधीकधी, मूळ पत्ता लपवायला." तिने ती उलगडली. आत तिसरी. तिच्या आत आणखी एक. च्युइंगम चघळणं हळू झालं, मग थांबलं.

"काय झालं?"

"ताई, तुमच्या घरी वायफाय आहे ना?"

"आहे. का?"

"ही सगळी फिरून फिरून एका घरच्याच पत्त्यावर येते. घराबाहेर जातच नाही. घरातल्या वायफायपासून निघते, घरातच संपते." तिने डोकं खाजवलं. "म्हणजे तसं होत नसतं. बाहेरून आलेली लिंक आहे ना ही? माझंच काहीतरी चुकत असेल."

"संपते म्हणजे कुठे संपते?"

"ते तर ते पान अजून शोधतंच आहे ना." तिने लिंक पटकन बंद केली आणि दोन्ही तळवे मांडीला पुसले. "पैसे नकोत ताई. फक्त फोन इथे ठेवू नका."

बाहेर पडताना दुकानाच्या काचेच्या कपाटाशी 'टक' झालं. दोघींनीही ऐकलं. दोघींनीही ऐकलं नाही असं दाखवलं.

६

आता बाल्कनी राहिली होती. पाचवा मजला. त्या दुपारी तिने काम हातात घेतलंच नाही. मुलीला आतल्या खोलीत झोपवलं आणि स्वतः बाल्कनीच्या दाराला नाक लावून जमिनीवर बसली. ये, म्हणाली मनात. येच तू. आज बघतेच.

घर शांत होतं. फ्रिज घरघरला आणि थांबला. खालच्या मजल्यावर कुणीतरी खुर्ची ओढली. ती डोळे न मिटता खटक्याकडे बघत होती, आणि बघता बघता खटक्याच्या एका बाजूला छोटासा खळगा पडला. मग दुसऱ्या बाजूला. पांढरं प्लॅस्टिक आत दबत होतं, अगदी हळू, जसं पिकलेलं फळ कुणी चिमटीत धरून बघावं.

तिने झडप घालून खटक्याभोवती मूठ आवळली. मुठीच्या आत ते दाबणं चालूच राहिलं. बोटं नव्हती. नुसता दाब होता, दोन्ही बाजूंनी, सावकाश, न चिडता. तेच तिला सहन झालं नाही. ती इतकी चिडलेली, आणि हे मात्र चिडत नव्हतं.

टक.

दार बोटभर सरकलं. वारा आला. ती धडपडत वळली, मुलीला अडवायला, आणि मुलगी मागेच उभी होती. पण बाल्कनीकडे ती गेली नाही. तिने बाल्कनीकडे पाहिलंसुद्धा नाही. ती आईकडे बघत होती, आणि आईच्या बाजूला.

तेव्हा तिला कळलं. हे सगळे खटके तिने बसवले होते ते मुलीला सुऱ्यांपासून, गोळ्यांपासून, कठड्यापासून लांब ठेवायला. जे उघडत फिरत होतं त्याला सुऱ्या नको होत्या, कठडा नको होता. ते नुसतं आत डोकावत होतं आणि पुढे जात होतं. तिने काय सांगितलं होतं त्याला? स्वतःच्या हाताने लिहून काय सांगितलं होतं?

कपड्यांच्या कपाटात उजेड होता. तिने जुना फोन काढला, स्वयंपाकघरात नेला, ओट्यावर ठेवला आणि बत्त्याने ठेचला. एकेका घावाला एकेक नाव घेत. हा नणंदेचा, हा सासूबाईंचा, हा 'झोप होत नाहीये'चा, आणि हा माझा, माझ्या शहाणपणाचा. काच उडाली, मागचं झाकण उडालं, आत काहीतरी हिरवं चकाकलं आणि विझलं. मग तिने घाम पुसला. कितीतरी दिवसांनी तिला बरं वाटलं.

बरं वाटणं चहा उकळेपर्यंत टिकलं. मग बत्ता धुता धुता तिचे हात थांबले.

फोनमध्ये मुलीचा आवाज होता. फोन आता नव्हता. म्हणजे तो आवाज आता एकाच ठिकाणी उरला होता.

७

रविवारी चहाला सगळे जमले. सासूबाई, नणंद, नवरा. नणंदेने समेटासाठी खेळणं आणलं होतं, दाबलं की बोलणारा ससा. "म्हटलं, सशाकडून तरी शिकेल," ती म्हणाली.

"ठेव तिकडे," तिने नणंदेला सांगितलं.

"अगं, थट्टा केली. तू ना, हल्ली…"

"हल्ली काय?"

"जाऊ द्या ना दोघींनी," नवरा मध्ये पडला. "आई, बिस्किट घे."

मुलगी गालिच्यावर बसली होती, सशाचे कान धरून. ती समोरच्या खुर्चीत बसून मुलीच्या तोंडाकडे बघत होती. दोन दिवस तिने दुसरं काही केलं नव्हतं. घरातला एकही खटका दोन दिवसांत वाजला नव्हता, आणि नवरा म्हणत होता, बघ, म्हटलं नव्हतं?

"इतकं टक लावून बघू नये लेकराकडे," सासूबाई म्हणाल्या. "अशाने दडपण येतं. मोकळं सोडा तिला, बोलेल आपोआप."

मुलीच्या उजव्या गालाला छोटासा खळगा पडला.

खळी, तिने स्वतःला सांगितलं. हसतेय ती. पण मुलीला खळ्या पडत नव्हत्या, आणि ती हसत नव्हती. मग डाव्या गालाला पडला. गाल दोन्ही बाजूंनी आत दबत होते, हळू, सावकाश, न चिडता. मुलीने आईकडे पाहिलं. त्या नजरेत मदतीची हाक होती. तिला ती शब्दांवाचून कायमच कळत आली होती.

ती उठेपर्यंत आवाज झाला. घरातल्या खटक्याचा नव्हे. ओला, बारीक. टक.

आणि ओठ उघडले.

कबुतरांशी भांडणारा आवाज बाहेर आला. बा-बा-बा, ग्गा, आणि मधेच तो चिडका हेल. तान्ह्या बाळाचा आवाज, अडीच वर्षांच्या तोंडातून. त्याच्यामागे पंखांची फडफड होती. आणि फडफडीमागे कुणीतरी हसत होतं, मोकळं, बेफिकीर. ते हसणं तिचं स्वतःचं होतं, त्या दिवसाचं.

"बोलली!" नणंद किंचाळली. "दादा, गप्पू बोलली!"

सासूबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. नवऱ्याच्या हातातला कप कलंडला, तो हसत होता, रडत होता, फोन शोधत होता व्हिडिओ काढायला. फडफड, हसणं कुणालाच ऐकू आलं नव्हतं. किंवा आलं होतं, आणि आनंदात कोण एवढं बघतो?

मग बाळाचा आवाज मध्येच तुटला. मुलीचं तोंड तसंच उघडं राहिलं. आत जीभ दिसायला हवी होती. आत पांढरं होतं. नुसतं पांढरं, आणि खोलवर काहीतरी छोटंसं फिरत होतं.

"उघडलं," मुलगी स्वच्छ म्हणाली. "पुढचं शोधत आहे."

तिने झेप घेतली आणि मुलीच्या तोंडावर तळवा दाबून धरला.

"अगं, काय करतेस!" "सोड तिला!" "वेडी झालीस का, पहिल्यांदा बोलतेय पोरगी!" तिघंही एकदमच ओरडत होते. नवरा तिचं मनगट सोडवत होता, नणंद खांदा ओढत होती. ज्या आवाजासाठी तिने अडीच वर्षं जीव टांगणीला लावला होता, त्यावर ती सगळा भार टाकून पडली होती, आणि तळव्याखाली मुलीचे ओठ शांतपणे हलत होते.

तिला ओरडून सांगायचं होतं. घराला, नणंदेला, त्या पांढऱ्या पानाला शिव्या घालायच्या होत्या. जन्मभराचा राग दातांपाशी येऊन उभा होता. पण तिने तोंड उघडलं नाही. मुलीसारखेच ओठ घट्ट मिटून घेतले, दात रोवले, श्वाससुद्धा नाकाने घेतला.

कारण तिच्या दोन्ही गालांवर, एकाच वेळी, कुणीतरी अलगद बोटं टेकवली होती.